तिसरीला उरलंसुरलं नको

"काय गं मंगल, तुमच्या ओसरीवर रात्री बारा-बारापर्यंत दिवा? बाळ रडतंय की काय?"

"बाळ कुठलं रडतंय, काकू! ते निवांत झोपतं. झोप उडालीय ती मोठ्यांची. परवा बारसं आणि अजून नावाचा पत्ता नाही."

"अगं, आर्वी आणि आर्या ही नावं तर तुम्ही झटक्यात ठरवलीत."

"तिथंच घोडं अडलंय. सून म्हणते, तिसरीचंही 'आर'वरूनच हवं. हे बघा." मंगलनं तारेवरून कॅलेंडरचं पान पुढं केलं. पाठकोऱ्या बाजूला आरोही, आराध्या, आरुषी, आर्हा, निम्म्यांवर काट. "आराध्या सुनेच्या मावसबहिणीकडं आहे. आरुषी समोरच्या बंगल्यात. आणि आर्हा जाऊबाईंनी पाठवलंय. अर्थ विचारला तर म्हणाल्या, मोबाईलवर आहे म्हणजे असेलच काहीतरी."

"धन्य! बरं, आता आहेत त्या दोघींना हाक मारलीस की कोण येतं?"

"कामाला मारली तर कुणीच नाही. हिला वाटतं तिला बोलावलं, तिला वाटतं हिला. खाऊला मारली की दोघी हजर! डब्यांवरही दोघींच्या 'ए. एस. पाटील'. एकीची भाजी दुसरीच्या पोटात."

"त्यात तिसरी घाला म्हणजे आनंदच."

"पण काकू, बहिणीबहिणींची नावं जुळायला नकोत का?"

"जुळू देत की! पण अक्षरानंच जुळतात होय? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. एकाचं अक्षर दुसऱ्याला लागत नाही, तरी एका घरातली म्हणून ऐकताक्षणी कळतं. आणि मंगेशकरांकडं? लता, मीना, आशा, उषा, सगळी दोन-दोन अक्षरी. पाठीवर भाऊ झाला तो हृदयनाथ. बिघडलं काही? लताबाईंचं पाळण्यातलं नाव तरी कुठं लता होतं? हेमा होतं. वडिलांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून लता झालं. आपल्या सांगलीत राहिलेली माणसं ती."

"हे मला ठाऊक नव्हतं."

"शिवाय जोडी लावली की माणूस अडकतो. मागच्या गल्लीत नाही का, रिद्धी-सिद्धीच्या पाठीवर मुलगा झाला, हौसेनं 'शुभ' ठेवलं. आता येताजाता बायका त्या सुनेला विचारतात, लाभ कधी?"

मंगल हसता हसता तारेला टेकली. "आमचे गुरुजी तर त्याहून पुढं. हस्त नक्षत्र, तिसरं चरण, म्हणून अक्षर काढलं 'ण'!"

"बाणाचा ण? त्यावरून काय ठेवणार, कप्पाळ?"

"म्हणाले, कन्या रास आहे, 'प' चालेल."

"जन्मनाव पत्रिकेत राहू दे. लग्न जुळवताना कुणी काढलंच तर काढेल. हाकेचं नाव वेगळं ठेवा."

"लेकाला निराळीच घाई. म्हणतो, जन्मदाखल्यासाठी नाव लगेच लागतं."

"काही लागत नाही. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती दवाखान्यातून गेली असेल. नाव मागाहून घालता येतं, वर्षाच्या आत घातलं तर विलंब फीसुद्धा नाही. आमचे हे त्याच खिडकीवर बसायचे, मला पाठ आहे सगळं." काकूंनी इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "आणि एक बोलते, राग मानू नकोस. पूर्वी तिसरी-चौथी मुलगी झाली की नकुसा नाव ठेवून मोकळे व्हायचे. पूर्वी कशाला, 2011 साली शेजारच्या साताऱ्यात जिल्हा परिषदेनं अशा शेकडो मुलींची नावं बदलून दिली. शाळेत जाणाऱ्या पोरी होत्या गं! तुम्ही तसली माणसं नव्हेत, मला माहीत आहे. पण थोरल्या दोघींना ठेवून उरलेल्या अक्षरात जे सापडेल ते तिसरीच्या गळ्यात बांधायचं, हेही बरं नव्हे. तिला तिचं स्वतःचं काहीतरी द्या."

मंगल जरा वेळ गप्प झाली. "मग तुम्हीच सुचवा."

"मैत्रेयी ठेव. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आणि दोघी बायकांत संपत्ती वाटायला बसले. कात्यायनी काही बोलली नाही. मैत्रेयीनं विचारलं, यानं मी अमर होणार नसेन तर हे घेऊन करू काय? पदरात पडेल ते मुकाट्यानं घेणारी नव्हे ती. आणि आर्वी, आर्या, मैत्रेयी म्हणून बघ. शोभतात की नाही बहिणी?"

"शोभतात हो! पण आत्याबाई पुण्याहून शर्वरी घेऊन निघाल्यात."

"तिला म्हणावं, कानात सांगायचा मान तुझाच. 'कुर्रर्र' करताना पाठीत धपाटे पडायला लागले की शर्वरी आपोआप विसरेल. तू घुगऱ्यांचे हरभरे भिजत घाल. आणि त्या आर्हावाल्या जाऊबाईंना माझ्या शेजारी बसव, अर्थ विचारते त्यांना मी."