वीस लिटर समुद्र

देवणीतून कुठल्याही दिशेला निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. हे मी शाळेत नकाशावर पट्टी ठेवून पोरांना शिकवत आलो. त्याच गावात, त्याच मास्तराने बैठकीच्या खोलीत तीन फुटी काचेच्या टाकीत समुद्र पाळला, तेव्हा पोरांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

हे वेड मुंबईत लागलं. शाळेच्या सहलीत १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. बाकीची पोरं मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडे पळाली, मी काचेला नाक लावून उभा राहिलो. ते नाक सुटायला चाळीस वर्षं लागली. मुलगी सासरी गेली, घराचं कर्ज फिटलं आणि मी हैदराबादहून एक मासा घेऊन आलो. पिशवीत प्राणवायू भरलेला, पिशवी थर्माकोलच्या डब्यात, डबा मांडीवर. गाडी उदगीरला येईपर्यंत शेजारच्या बाईंनी तीनदा विचारलं, केक कुणाच्या वाढदिवसाचा म्हणून.

मासा निवडताना गावाची अब्रू सांभाळली. नारिंगी क्लाउनफिश सगळेच घेतात. मी घेतला डॅमसेल, पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे. देवणीच्या माणसाला काळं-पांढरं दिसलं की तो आधी देवणी गाई-बैलांसारखी पोटजात ठरवतो. त्यामुळे पहिले आठ दिवस बघायला येणाऱ्यांत एकच वाद होता, हा वानेरा की शेवेरा? तोंडावर काळं आहे म्हणून काहींनी वानेरा म्हटलं. अंगावरही काळं आहे, म्हणजे शेवेरा, असं दुसऱ्यांचं. बालंक्या नाही यावर एकमत झालं. स्वभावाने मात्र मारका निघाला. टाकी पुसायला हात घातला की बोटाला धडका देतो.

आता पाणी. आमच्या भागात माणसाचा जन्म पाण्यातलं खारेपण काढण्यात जातो. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नळाच्या तोटीवर क्षारांची पांढरी दाढी येते, म्हणून फिल्टरचे जार आणायचे. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. अशा जिल्ह्यात मी विकतचा वीस लिटरचा जार उघडतो आणि त्यात सातशे ग्रॅम मीठ टाकतो. पहिल्यांदा टाकलं तेव्हा मायने डोक्याला हात लावला. “आरं, गोडं पानी खारं करायलास? येड लागलं का तुला?”

कारण सांगून पटण्यासारखं नव्हतं, पण सांगितलं. टाकीत मासा खातो, घाण करतो, ती घाण साचते. म्हणून पंधरा दिवसांनी एकशेवीस लिटरांतलं वीसेक लिटर काढून तितकंच ताजं भरायचं. ताजं म्हणजे समुद्रासारखं, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम क्षार. घरातलं मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड, वर आयोडीन. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असा सगळा गोतावळा असतो. तो गोतावळा पिशवीत भरून मिळतो आणि त्याची किंमत मी घरात अजून खरी सांगितलेली नाही. आणि बोअरचं पाणी घ्यावं तर त्यात आधीच काय काय विरघळलेलं, त्याचा हिशेब कोण ठेवणार? म्हणून फिल्टरचं.

पहिल्या खेपेला मी बादलीत आधी मीठ ओतलं आणि वरून पाणी. बादली पांढरीफेक झाली. थोड्या पाण्यात सगळे क्षार एकदम भेटले की कॅल्शियम कार्बोनेट फुटून खाली बसतं आणि मग कितीही ढवळा, विरघळत नाही. नेमके तेव्हाच रतिबाचे दूधवाले मामा दारात. त्यांनी बादलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “गुरुजी, दुसरीकडून दूध लावलं व्हय?”

रीत शेवटी बायकोने सांगितली. “पिठलं हाटताना पीठ आधी टाकतात का?” तेव्हापासून आधी पाणी, त्यात छोटा पंप सोडून ते फिरतं ठेवायचं आणि मीठ मुठीमुठीने सोडायचं. मग रात्रभर फिरू द्यायचं. सकाळी पाणी काचेसारखं आणि टाकीइतकंच कोमट झालेलं असतं. मग मोजायचं.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर होता. काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून दुर्बिणीसारखं पाहायचं, निळं संपून पांढरं लागतं तिथला आकडा वाचायचा. एका सकाळी तो माझ्याच हातून फरशीवर पडला. पाणी तयार, माप नाही. तेवढ्यात मामांची सायकल वाजली.

मामांकडचं दूध तपासायचं लॅक्टोमीटर बिचारं साधं यंत्र. पातळ द्रवात खोल बुडतं, घट्टात वर तरंगतं. दूध काय, समुद्र काय, त्याला फक्त घनता कळते. साध्या पाण्याची १, समुद्राची १.०२५च्या आसपास, चांगल्या दुधाची १.०२८ ते १.०३२. दांडीवर शेवटचे दोनच आकडे. मामांनी माझ्या बादलीत ते सोडलं, गुडघ्यावर हात टेकून वाकून पाहिलं.

“पंचवीस. गुरुजी, यात पानी हाय.”

“मामा, सगळं पाणीच आहे.”

“तेच म्हनायलो मी.”

मला मात्र त्या पंचविसाने आनंदाचं भरतं आलं. तेव्हापासून लॅक्टोमीटर हीच माझी वेधशाळा. बाजारातून एक लॅक्टोमीटर आणलं आणि पन्नास लिटरच्या निळ्या बॅरलमध्ये तयार पाणी साठवू लागलो.

मे महिन्यात लेकीकडे दहा दिवस जावं लागलं. आमच्याकडचा मे म्हणजे पाणी उकळायला फक्त चूल नाही इतकंच. टाकी गार राहावी म्हणून वर पंखा लावलेला, त्यामुळे दिवसाला दोन-अडीच लिटर उडून जातं. जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, हे जाताना सांगायचं राहिलं. मायने जीव लावला. रोज सकाळी देवपूजेच्या आधी निळ्या बॅरलमधलं दोन तांबे पाणी टाकीत ओतलं. “त्याचंच पानी त्याला दिलं,” म्हणाली. यावर काय बोलणार?

आलो तेव्हा मासा कोपऱ्यात पंख मिटून बसलेला. बोटाला धडकला नाही, तेव्हाच मनात चर्रर्र झालं. टाकीतलं पाणी बादलीत काढून लॅक्टोमीटर सोडलं. मामा दारात उभेच होते. ते पुढे आले, वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“एकतीस! आता जमलं गुरुजी. चोख म्हशीचं हाय.”

मी काही न बोलता एक तांब्या खारं पाणी काढून त्याजागी एक तांब्या फिल्टरचं ओतलं. तासाने पुन्हा. असं तीन दिवस चाललं, कारण घाईने आकडा बदलला तर माशाला तोही जाचच. मामा रोज सकाळी ते बघायचे. तिसऱ्या दिवशी आकडा पंचविसावर आला आणि मासा बोटाला धडकला. मी “आता ठीक आहे” म्हणालो. मामांनी आमचं दूध मापून भांड्यात ओतलं, सायकलला टांग मारली आणि जाता जाता मायला म्हणाले, “आमी पानी घातलं की बोलता, माय. हितं तर मास्तरच घालायलेत, दिवसाढवळ्या.”

पुढच्या रविवारी पाणी बदलायचं आहे आणि मीठ संपत आलंय. हैदराबादहून देवणीकडे कुणी येणार असेल तर एक पिशवी घेऊन यावी, पैसे हातोहात देईन. फक्त पिशवीवरची किंमत खोडून आणावी.