बिनकामाची पार्टी

नोकरदार आईबापांनी उन्हाळ्यात पाहुणे कसे बोलवावेत, तेही अजिबात दगदग न होता, हे सांगणारे लेख हल्ली मोबाइलवर आपोआप येऊन पडतात. सोबतच्या फोटोत एक बाई हिरवळीवर उभी असते, हातात सरबताचा ग्लास. तिची पोरं कुठेच दिसत नाहीत. पार्टीची वेळ दुपारी तीन. मे महिन्यात यवतमाळला दुपारी तीन वाजता गच्चीवर फक्त पापड-कुरडयांनाच बोलावता येतं, आणि त्यांचंही तिथं काय होतं ते आपण पाहतोच.

यवतमाळ तसं उंचावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. त्यामुळे पारा ४५ ला टेकला तरी जुनी माणसं "आपलं गाव थंड बाप्पा" म्हणतात. थंड म्हणजे चंद्रपूरपेक्षा. सरकारचा यावर विश्वास नसावा. बाकीच्या महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या उन्हापायी जून सरता सरता. हे जास्तीचे दिवस लेकरांच्या तब्येतीसाठी असतात. आईच्या तब्येतीबद्दल परिपत्रकात काही नसतं. मी बँकेतून घरी येते तेव्हा धाकटा कूलरच्या टाकीत होड्या सोडत असतो आणि थोरली "मी बोअर झाली" हे वाक्य सकाळी सोडलं तिथूनच पुढे चालू करते.

अशा घरात पुण्याहून नणंद, नंदोई आणि त्यांची पोरं आली. आमच्या ह्यांनी लगेच जाहीर केलं, "रविवारी रोडगे करू. चार लोकं बोलावू. तुले काहीच करा लागत नाही."

नंदोईंना रोडगा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, ओवा. पोळ्या एकीवर एक ठेवून त्यांचा गोळा वळायचा आणि पेटलेल्या गोवऱ्यांच्या आरात पुरायचा. भाजला की राख झटकायची, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण. एकनाथांच्या भारुडातली बाई भवानीला रोडगा कबूल करते तो याचसाठी, की सासू-सासरे, नणंद, नवरा सगळे एकदाचे जावोत आणि ती एकटी राहो. आमच्याकडे रोडग्यापायी हे सगळे येतात. नवसाचा मजकूर देवीपर्यंत उलटा पोचला असावा.

शुक्रवारपर्यंत चार लोकांचे पंचवीस झाले. ह्यांना भाजीबाजारात जो भेटेल त्याला "ये ना बे रविवारी" म्हणायची सवय. नाही म्हणायची सोय नाही. दिलेलं निमंत्रण मागे घेतलं की काय होतं, हे आमच्या गावानं जानेवारी २०१९ च्या साहित्य संमेलनात अख्ख्या महाराष्ट्राला दाखवून दिलंय. त्या मानानं पंचवीस माणसं परवडली.

भांड्यांचा प्रश्न पळसाच्या पत्रावळींनी मिटला. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ दाखवला, तेव्हापासून आमच्या गल्लीत काचेच्या ताटाला कुणी श्रीमंती समजत नाही. ते धुवायला पाणी असणं ही श्रीमंती.

राहिलं काम. मी फार विचार केला नाही. दारात आलेला प्रत्येक जण "वैनी, काही मदत?" असं विचारतोच. त्यावर "नाही नाही, बसा ना" म्हणायची आपल्याकडे रीत आहे आणि विचारणारा त्याच भरवशावर विचारतो. मी त्या रविवारी प्रत्येकाला "हो" म्हटलं. एकाच्या हाती लसणाची टोपली दिली, दुसऱ्याच्या वांगी. ह्यांचे साहेब, जे ऑफिसात स्वतःचा पेनही उचलत नाहीत म्हणे, ते वरण घोटत होते. मी अंगणात खुर्ची टाकली, कूलर माझ्याकडे वळवून घेतला आणि बसले.

गोवऱ्यांपाशी मात्र बायकांना कुणी विचारतच नाही. तिथं पुरुषांची सभा भरते. आर किती असावा यावर पुसदचे पाहुणे आणि दारव्ह्याचे पाहुणे यांचं पटेना. "असे भाजाल तं आतून कच्चे राह्यतीन!" "तुमी कधी भाजले होते?" नंदोई मध्येच म्हणाले, घरी ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीवर ठेवले तर? दोन्ही तालुके त्या क्षणी एक झाले.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर बंद, आणि माझं बसणंही संपलं. पण अंधारात पोरांचं फावलं. पुण्याची पोरं राखेनं अशी माखली, की नणंदेनं हात धरून आत नेलेलं लेकरू शेजाऱ्यांचं निघालं. रोडगे फुटले, तुपाची बरणी फिरली आणि वाद मिटला. अर्थात कच्चे निघाले ते दुसऱ्या तालुक्याचे होते, यावर दोघांचं एकमत होतं.

सगळे गेले, शेजारच्या काकूंचा वरणाचा गंज तेवढा राहिला. तो रिकामा परत देता येत नाही आणि त्यात घालून द्यायला काही करावं तर वेळ नाही. परवा काकूंनीच कुंपणावरून आवाज दिला, "बाई, गंज पाठव वं. रविवारी आमच्याकडं रोडगे हायेत. तुमी समदे या. तुले काही करा लागत नाही. वरण तेवढं त्याच गंजात करून आण. पंचवीस लोकं हायेत."