सेल्फ मारून पाहा

नागपुरात फारच एकटं वाटायला लागलं, तर एक जुनी गाडी घ्यावी आणि डिसेंबरच्या सकाळी दारातच ती अडून बसू द्यावी. सेल्फ दोनदा ‘टक्’ म्हणाला की गल्ली जमते. “काऊन, सुरू होऊन नाही राहिली?” असं विचारत माणूस थेट बॉनेट उघडतो.

माझी मारुती ८००. मी तिचा तिसरा मालक. ह्या गाडीचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं, म्हणजे धावतेय ती प्रत्येक ८०० आता वयस्कर. आणि वयस्कर पेशंटबद्दल सगळ्यांनाच मत असतं. समोरच्या काकांना पेट्रोलमध्ये पाणी दिसतं. एका पावसाळ्यात त्यांच्या स्कूटरला तेच झालं होतं. बँकेतून निवृत्त झालेले साहेब प्लगवर ठाम. पद्मिनी गाडीच्या काळात अमरावती रोडवर त्यांनी स्वतः प्लग काढून पुसले होते. वरच्या मजल्यावरचा पोरगा म्हणतो, “सेन्सर गेला असंन.” त्याची गाडी नवी आहे. माझ्या गाडीचं निदान राहतं बाजूला. जो तो आपापल्या गाडीचं चरित्र सांगत असतो.

गाडी मात्र केव्हाची बोलत असते. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी, दोहोंपैकी एक पोचत नाही. ‘टक-टक-टक’ अशी माळ लागली, तर बहुधा बॅटरी उतरलीय. एकच ‘टक्’ आणि पुढे शांतता, तर सेल्फ तरी बिघडलाय नाहीतर त्याला पुरेसा करंट मिळत नाही. “लाइट तर लागून राहिले न!” हा काकांचा बिनतोड मुद्दाही फसवा. हेडलाइटच्या बल्बाचं पाचेक अँपिअरवर भागतं. सेल्फला शंभराहून जास्त लागतात.

डिसेंबरच का, ह्याचं उत्तर मे महिन्यात असतं. २०१३च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात. तरी त्या दिवसांत ती कसंबसं निभावून नेते. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर ओसरतो आणि मग उन्हाळ्याची बाकी वसूल होते.

मेकॅनिक आला. “जरा आयकू द्या न जी,” म्हणून त्यानं आधी सभा शांत केली. एकदा सेल्फ मारायला लावला, मग बॅटरीचं टर्मिनल बोटांनी हलवलं. ते हललं. खाली हिरवट-पांढरी भुकटी. गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश, पान्याचे दोन पिळे, आणि गाडी सुरू.

“म्हटलं नव्हतं, करंटचा घोळ आहे म्हणून?” पेट्रोलवाले काका म्हणाले. साहेबांनीही मान डोलावली. प्लगलाही शेवटी करंटच लागतो.

परवा शेजारच्या गल्लीत एक गाडी अडली होती. सेल्फ झकास फिरत होता, म्हणजे बिघाड पेट्रोलचा नाहीतर ठिणगीचा, हे मला स्पष्ट ऐकू येत होतं. तरी मी पुढे झालो आणि म्हणालो, “भाऊ, आधी टर्मिनल पाहा.”