विरारचा बर्फ्या

बर्फ्याने आजवर बर्फ पाहिला आहे तो दोनच ठिकाणी: मासळीबाजारातल्या पापलेटांखाली आणि गोळेवाल्याच्या रंध्याखाली. तरीही डिसेंबर लागला की मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जाहीर करतो, यंदाची हिवाळी अ‍ॅनिमे गाणी तयार आहेत, खिडक्या लावून ऐकावीत. तेव्हा त्याच्या डोक्यावरचा पंखा तीनवर फिरत असतो.

‘बर्फ्या’ हे आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नायगावपासून विरारपर्यंत दर दोन-चार इमारतींमागे असा एक असतो. वय कॉलेज ते पहिली नोकरी यांच्या मधलं, अंगात काळी हूडी, पाठीवरच्या सॅकला डोलणाऱ्या चार किल्लीसाखळ्या. अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका-चित्रपटांतल्या, गाण्याला तो गाणं म्हणत नाही. ते ‘ओपनिंग’ असतं, ‘एंडिंग’ असतं, नाहीतर ‘इन्सर्ट साँग’. हिंदी डब बघणाऱ्यांविषयी त्याचं मत फार वाईट आहे. हंगामा वाहिनीवर हिंदीत बोलणाऱ्या डोरेमॉनवर आपण लहानाचे मोठे झालो, हा इतिहास तो दडपून ठेवतो. आई मात्र पाहुण्यांसमोर तो हमखास उकरून काढते.

हवामानाने आपल्यावर अन्याय केला, अशी त्याची कायमची तक्रार. सांताक्रूझच्या वेधशाळेत 22 जानेवारी 1962 ला पारा 7.4 अंशांवर उतरला होता, हे त्याला तोंडपाठ आहे. आजोबांच्या पिढीने सगळी थंडी संपवली, असं तो त्या जोरावर म्हणतो. जपानमधल्या सापोरो शहरात एका हिवाळ्यात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो, हेही तो अधूनमधून ऐकवतो. “पाच मीटर पाणी नालासोपाऱ्यात पावसाळ्यात साचतं की,” हे वडिलांचं उत्तर. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

त्याच्या हिवाळी गाण्यांच्या यादीचे नियम कडक. पडद्यावर बर्फ दिसला एवढ्यावर गाणं हिवाळी ठरत नाही. ‘डीमन स्लेयर’चा पहिला भाग बर्फाने भरलेला आहे, पण लीसाने गायलेलं ‘गुरेंगे’ यादीबाहेर, कारण ते ऐकून अंग तापतं. दिग्दर्शक माकोतो शिंकाईच्या ‘वेदरिंग विथ यू’मध्ये टोकियोत ऐन ऑगस्टमध्ये बर्फ पडतो, ते प्रकरण अजून विचाराधीन आहे. या चित्रपटाशी बर्फ्याचं वेगळंच नातं आहे. तो भारतात दाखवावा म्हणून पन्नास हजारांहून अधिक चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला आणि 11 ऑक्टोबर 2019 ला तो खरोखरच इथल्या चित्रपटगृहांत लागला. बर्फ्याने त्या अर्जावर दोनदा सही केली होती, दुसऱ्यांदा आईच्या ईमेलवरून. आईला याचा पत्ता नाही.

यादीत जी गाणी बसतात, ती मात्र त्याने नीट पारखून घेतली आहेत. क्योटो अ‍ॅनिमेशनच्या 2006 च्या ‘कानोन’चं ‘लास्ट रिग्रेट्स’. ‘व्हाइट अल्बम 2’मधलं, रेना उएहाराच्या आवाजातलं ‘तोदोकानाई कोई’. होक्काइदोच्या बर्फात घडणाऱ्या ‘इरेज्ड’चं ‘रीःरीः’. आणि सर्वांत वर, अढळपदी, ‘लव्ह लाइव्ह!’च्या मुलींचं ‘स्नो हॅलेशन’. 2010 च्या डिसेंबरात आलेल्या या गाण्याचा एक विधी आहे. जपानमधल्या कार्यक्रमांत शेवटच्या ध्रुवपदाला हजारो प्रेक्षक हातातले पांढरे दिवे एकाच क्षणी नारिंगी करतात. बर्फ्या आणि मंडळी हा विधी इमारतीच्या गच्चीवर करतात. दिवे नसल्याने मोबाईलच्या टॉर्चवर संत्र्याच्या गोळ्यांचा कागद धरला जातो. मागच्या खेपेला सोसायटीच्या सेक्रेटरींनी वर येऊन विचारलं, “लाइट गेली काय रे?”

आता खरी गंमत. ‘स्नो हॅलेशन’ मालिकेत येतं त्या भागात हिमवादळाने रस्ते बंद पडतात, तिघी मुली कार्यक्रमाला पोचेनात, मग शाळेतली पोरं फावडी घेऊन वाट मोकळी करतात. शिंकाईच्याच ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद’मध्ये ताकाकी मैत्रिणीला भेटायला निघतो. इवाफुने स्थानकावर संध्याकाळी सातची वेळ ठरलेली. बर्फामुळे गाड्या अडकत अडकत जातात, एक गाडी तर माळरानातच तासन्‌तास उभी राहते आणि तो पोचतो रात्री अकरानंतर. ती मुलगी स्टोव्हजवळ डबा घेऊन बसलेलीच असते.

हिवाळी अ‍ॅनिमेत वेळेवर पोचतं कोण? आणि हे दुःख समजायला सापोरोला कशाला जायला हवं? भाईंदरच्या खाडीपुलावर सिग्नलअभावी उभ्या राहिलेल्या विरार फास्टमध्ये, कोणाची तरी कोपरखळी बरगडीत घेऊन ज्याने अर्धा तास काढला, त्याला ताकाकी हा सख्ख्या भावाइतका जवळचा. फरक एवढाच की, ताकाकीला बसायला जागा होती. त्या चित्रपटाच्या शेवटी मासायोशी यामाझाकीचं ‘वन मोअर टाइम, वन मोअर चान्स’ वाजतं. ते मुळात 1997 चं, चित्रपटाच्या दहा वर्षं आधीचं, आणि वाजतं तेव्हा गोष्ट वसंतात पोचलेली असते. नियमाने ते बाद व्हायला हवं. बर्फ्याने फक्त याच गाण्याला ‘रेल्वे कोट्या’तून प्रवेश दिला आहे. हा निर्णय मला तरी बिनतोड वाटतो.

थंडी त्याला मिळते तीही रेल्वेकडूनच. देशातली पहिली वातानुकूलित लोकल पश्चिम रेल्वेवर धावली ती नेमकी 25 डिसेंबर 2017 ला, नाताळच्या दिवशी. बर्फ्या पगाराच्या आठवड्यात एसीचं तिकीट काढतो, हूडीची टोपी डोक्यावर ओढतो, काचेला कपाळ टेकवतो आणि मिठागरांकडे बघत हिवाळा साजरा करतो. महिनाअखेरीस साधी लोकल, म्हणजे उन्हाळा.

एकदा मंडळी ‘युरू कॅम्प’ बघून पेटली. त्या मालिकेत शाळकरी मुली भर थंडीत फुजीच्या आसपास तंबू ठोकून नूडल्स खातात आणि शेवटी एरी सासाकीचं ‘फुयुबियोरी’ हे शांत गाणं लागतं. यांनी राजोडीच्या किनाऱ्यावर तंबू ठोकला. नूडल्स झाल्या, गाणं लागलं, डास आले. पहाटे जरा गारवा सुटला तेव्हा सगळे घोरत होते.

घरात त्याला पुरून उरतात ते वडील. “तुमचं ते अ‍ॅनिमे” असं म्हणणाऱ्या वडिलांना त्याने एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं की, रविवारी दूरदर्शनवर ज्याच्यासाठी ते आंघोळ टाळत, तो मोगली जपानी होता; निप्पॉन अ‍ॅनिमेशनने 1989 मध्ये केलेला. वडिलांनी क्षणभर विचार केला आणि गुलजारांनी लिहिलेलं, विशाल भारद्वाजांच्या चालीचं ते शीर्षकगीत अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवलं. “जपानी ओपनिंग वेगळं होतं,” बर्फ्या पुटपुटला. “असेल,” वडील म्हणाले, “पाठ आहे का तुला?” पाठ नव्हतं.

नाताळात त्याची पंचाईत होते. पापडी, गास, निर्मळ, नंदाखाल या पट्ट्यात दारोदार चांदण्या लागतात, गव्हाणी सजतात, मराठीत आणि सामवेदी बोलीत नाताळगीतं घुमतात. म्हणजे अस्सल हिवाळी गाणी सायकलच्या अंतरावर! बर्फ्याला कीबोर्ड येतो म्हणून गावातले मित्र त्याला ताफ्यात ओढतात. तो इमानाने वाजवतो, पण दोन गीतांच्या मधल्या रिकाम्या जागेत ‘स्नो हॅलेशन’चे चार स्वर घुसडतोच. ज्येष्ठ मंडळींना ते नवीन नाताळगीत वाटतं. एका आजींनी तर चाल छान आहे म्हणून त्याला जादा करंज्या दिल्या.

तेव्हा यंदा डिसेंबरात लोकलमध्ये काळी हूडी घातलेला, डोळे मिटून घामाघूम झालेला पोरगा दिसला, तर “काय ऐकतोयस रे?” असं विरारला गाडी सुटताना विचारू नका. चर्चगेट तिथून साठ किलोमीटर आहे आणि यादी त्याहून लांब. विचारायचंच असेल, तर आपलं स्टेशन आल्यावर विचारा.