आत्मोन्नतीचा वार्षिक अहवाल

कचेरीतील मनुष्याच्या वेतनाची, रजेची आणि विलंबाची मोजदाद यथासांग पार पडल्यावर दप्तरी नोंदायचे राहिले होते ते केवळ त्याचे अध्यात्म. तीही उणीव अमेरिकेतील अ‍ॅशमॉस आणि ड्यूशॉन या व्यवस्थापनशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रश्नावली सिद्ध करून दूर केली, आणि अंतर्जीवन, कार्याची सार्थकता व समूहभाव अशी आत्म्याची खाती पाडून दिली. परीक्षेला आमची तत्त्वतः हरकत नाही. गोरोबाकाकांनी मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून संतमंडळींची मस्तके थापटण्याने ठोकून पाहिली व नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, अशी आख्यायिका आपल्याकडे आहेच. परंतु तेथे परीक्षक स्वतः पक्का भाजलेला होता, निकाल समक्ष सांगितला गेला, आणि अनुत्तीर्ण ठरलेल्या नामदेवांनी अखेर विसोबा खेचरांचे चरण धरले. याउलट ज्याची बढती साहेबांच्या शेऱ्यावर टांगलेली आहे, तो कारकून आपल्या कामात परमार्थ भरून राहिल्याचे बिनदिक्कत लिहून देईल, आणि ज्याला खरोखरच वैराग्य प्राप्त झाले आहे, तो ती प्रश्नावली भरायचेच विसरेल. परिणामी मुमुक्षूंच्या यादीत अग्रस्थान मिळेल ते बढतीच्या उमेदवारांना. तस्मात् मोजायचेच असेल तर आरंभ वरिष्ठांपासून व्हावा: हाताखालच्या माणसाला त्यांनी पगार वेळेवर दिला काय आणि हक्काची रजा बिनतक्रार मंजूर केली काय, एवढे तपासावे. त्यासाठी नव्या प्रश्नावलीची गरज नाही. हजेरीपट आणि पगारपत्रक पुरेसे आहे.