तुम्ही फक्त मोजा

जुनी जीप बाळगणारा एखादा इसम तुमच्याही ओळखीत असणारच. नसेल तर आमचे नाना घेऊन जा, घरपोच देतो.

नानांकडे महिंद्राची सीजे-३बी आहे, आणि रिटायर झाल्यापासून ते एकच गोष्ट ठरवताहेत: मागच्या ॲक्सलचा रेशो ५.३८ च ठेवायचा की ४.८८ करायचा. म्हणजे पिनियनला ८ दात दोन्हीकडे, क्राऊनला मात्र ४३ की ३९? सगळा प्रश्न चार दातांचा. तेवढ्या काळात नानांचे स्वतःचे चार पडले.

तुम्ही जाता जाता ‘काय नाना, बरं आहे ना?’ म्हणालात की संपलं. ‘बरं झालं आलात. तुम्ही फक्त मोजा.’ नाना मागचं एक चाक जॅकवर उचलतात, प्रॉपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारतात आणि ते चाक पुरतं दोनदा फिरवतात. आपण उकिडवं बसायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. पाच होतात, वर सहाव्याचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. झाले ५.३८. दर वेळी तेवढेच भरतात. पोलादाचे दात रात्रीतून वाढत नाहीत, हे नानांना सांगणार कोण?

दूधवाल्याने मोजलंय, सिलिंडरवाल्याने मोजलंय. मतं मागायला आलेल्या उमेदवाराने पांढरा झब्बा सावरत मोजलंय. नानांच्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाला पोहे नंतर मिळाले, आधी त्याने मोजलं. ‘साडेपाच,’ म्हणाला. लग्न झालं, पण नाना त्याला अजून जावई मानत नाहीत.

बरं, खटल्याच्या दोन्ही बाजू भक्कम. ५.३८ वर जीप वरंध्याचा चढ कुरकुर न करता चढते. पण हायवेला ताशी ८० गाठायचं तर इंजिनाला मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे मारावे लागतात, आणि शेजारच्याशी बोलायचं तर चिठ्ठी लिहावी लागते. ४.८८ वर तेच फेरे २,९०० च्या आसपास येतात, पण घाटात दम कमी. शिवाय फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा रेशो एकच लागतो, नाहीतर पक्क्या रस्त्यावर दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि मार बसतो मधल्या गिअरांना. म्हणजे मागचा बदलला की पुढचाही बदला. मग स्पीडोमीटर खोटं बोलणार: काटा ६० वर आणि गाडी ६६ ला. मग त्याचंही बघा. एवढं झाल्यावर दातांना ब्ल्यू लावून ठसा बघायचा, शिम काढायची, परत घालायची, परत ठसा. इथवर आले की नानांचा आवाज हळवा होतो आणि आपली बस चुकते.

कंटाळून एकदा काकूंना विचारलं, ‘हे एकदाचं ठरवून का टाकत नाहीत?’

काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘ठरलं की निघावं लागेल ना. मामंजींनी लिलावात जीप घेतली ती महाडकडच्या गावी जायला. गावचं घर मागच्या वर्षी विकलं.’

तेव्हापासून नानांचा मनापासून राग येईनासा झालाय. प्रयत्न करतो, पण जमत नाही. जायला ठिकाण उरलेलं नसताना हा माणूस घाट आणि हायवे दोन्हींची काळजी वाहतोय. माझ्या नव्या गाडीत गिअर तिचे तीच टाकते. तिचा रेशो कुठल्या खोलीत कोणी ठरवला, मला पत्ता नाही, आणि शोरूममध्ये मी तो विचारलाही नाही. सनरूफ आहे का एवढं विचारलं. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, तेही निम्मं सिग्नलला उभं राहून. नाना निदान फेरे मोजतात. आम्ही हप्ते मोजतो.