तीस हजारांत कुठं जर्मनी असते का?

वडूजच्या पेठेत हल्ली वरच्या मजल्याला भाव आलाय. खाली खत-औषधांचं दुकान आणि वर युरोप. जिना लोखंडी, तोही हलतो. पण काचेचं दार ढकललं की एसीचा गारवा अंगावर येतो आणि माणूस तिथंच निम्मा परदेशी होतो. भिंतीवर चार घड्याळं आहेत : लंडन, बर्लिन, टोरांटो आणि दुबई. टोरांटोचं बंद आहे. शेजारी आयफेल टॉवरचा मोठा फोटो आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत 'जर्मनी वर्क परमिट, १०० टक्के गॅरंटी'. टॉवर कुठला आणि परमिट कुठलं, असल्या शंका काढायला तिथं कुणी जात नाही. तिथं जातात ते इसार द्यायला.

आमचे शेजारी तात्या धाकट्याला घेऊन तिथं गेले. पोरगा आयटीआय झालेला, वायरमन, हाताला चांगला. साहेबांनी फाईल चाळली, 'प्रोफाईल स्ट्राँग आहे' म्हणाले आणि सहा लाख सांगितले. दोन आता, दोन ऑफर लेटरला, दोन व्हिसाला. तात्या घरी आले ते जावई शोधून आल्यासारखे खुशीत.

मी आपला पेपर वाचणारा माणूस, मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. आणि परवानावाल्यानं उमेदवाराकडनं घ्यायची फी जास्तीत जास्त ३० हजार, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३५ हजार ४००. तेही पावती देऊन."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की बिचाऱ्याचं डोकं फिरलंय.

"तीस हजारांत कुठं जर्मनी असते का? तीस हजारांत धड म्हैस येत न्हाई."

यावर बोलायला जागाच राहिली नाही. तसं बघितलं तर तात्यांचा हिशोब आपल्या तालुक्याच्या अनुभवावरच उभा आहे. फुकटची शाळा ओस पडलीय, देणगीवालीत जागा नाही. फुकटच्या दवाखान्यात औषध नाही, पैसेवाल्यात सलाईन लावल्याशिवाय सोडत नाहीत. मग मोठी गोष्ट मोठ्या पैशातच येते, हे माणसानं धरून चालायचं नाही तर काय? एजंट तीस हजार म्हणाला असता तर तात्याच त्याला लबाड ठरवून जिना उतरले असते. सहा लाख म्हणाला, म्हणून खात्रीचा. सरकारनं फीची कमाल मर्यादा घालून प्रामाणिक एजंटांचा धंदा बसवला, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

परवाना तपासायची सोयसुद्धा सरकारनं फुकटच ठेवली, तिथंच ती फसली. ई-मायग्रेट नावाचं संकेतस्थळ आहे. एजंटाचं नाव किंवा परवाना क्रमांक टाकायचा; परवाना चालू आहे, संपलाय की मुळात नाहीच, ते दोन मिनिटांत कळतं. मी मोबाईल काढून तात्यांच्या पुढ्यात वरच्या मजल्याचं नाव टाकलं. काही आलं नाही. स्पेलिंग बदलून टाकलं, तरी नाही. तात्या म्हणाले, "सरकारची साईट हाय, बंद असंल."

हेच तात्या पुसेगावच्या जत्रेत खिलार खोंड घ्यायचा म्हणजे तासभर घालवतात. जबडा उघडून दात बघतात, खूर बघतात, शेपटी बघतात, पन्नास पावलं चालवून बघतात आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा करताना पाचशे रुपयांसाठी दोनदा उठून जातात. सहा लाखांच्या सौद्यात मात्र त्यांनी बघितला तो एसी.

कायदा नाही असं नाही. १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परवान्याशिवाय माणसं परदेशी कामाला पाठवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार! वरच्या मजल्यावरचे साहेब एवढे पैसे एका दिवसाच्या चहा-भज्यांवर घालवतात.

आता कुणी म्हणेल, सरकार फक्त नियम सांगतं, करत काहीच नाही. तसंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुटेनबर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायचं ठरवलं. जुलैत शासन निर्णय निघाला. काम दिलं शालेय शिक्षण विभागाला. आपल्या पोरांना दहावीपर्यंत इंग्रजी बोलता येईना, त्याच खात्यानं आता जर्मन शिकवायची जबाबदारी घेतली. याला हिंमत लागते. कामांच्या यादीत परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंडी, सुतार, ड्रायव्हर, कुक, वेटर, सुरक्षा रक्षक, सगळे. भाषा शिकवायचा खर्च सरकारचा.

तात्यांना मी हेही सांगितलं. ते अजूनच सावध झाले. "एक रुपाया घेत न्हाईत? मग नक्की काय तरी भानगड हाय."

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात औंधला इस्रायलसाठीही सरकारी भरती झाली. तिथं शटरिंग, सळई वाकवणं, प्लास्टर आणि फरशी अशी चार कामं. पगार महिना लाखाच्या वर. पण त्यांची पद्धत आडमुठी. नुसता कागद बघून भागत नव्हतं, थापी हातात देऊन भिंत लिंपायला लावायची. आपल्याकडं प्रमाणपत्राचा जो काही मान आहे, त्याचा हा उघड अपमान होता. इकडं कौशल्याचं प्रमाणपत्र कसं मिळतं हे मी सांगायला नको. आमच्या ओळखीतल्या एकाकडं प्लंबिंगचं, वेल्डिंगचं आणि ब्युटी पार्लरचं अशी तीन आहेत.

बरं, खरोखर काम येणारी माणसं या भागात कमी नाहीत. खटाव, माण, खानापूर, आटपाडी, तासगाव हा सगळा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही म्हणून पोरं बाहेर पडली ती सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. केरळपासून कोलकात्यापर्यंत सराफी पेठ दाखवा, तिथं आमच्याकडचा गलाईवाला सापडणार. भट्टी, मूस, तेजाब आणि नजर, एवढंच भांडवल. या पोरांनी स्पॉन्सरशिप मागितली नाही. स्पॉन्सर म्हणजे मामा. मामा गावच्या जत्रेला आला की परत जाताना बहिणीचं एक पोरगं घेऊन जायचा. भाषेची परीक्षा नाही, पोरगं तिकडं मारवाड्याच्या शिव्या खात खात तमिळ शिकायचं. राहणं-जेवणं मामाकडं, पहिली दोन वर्षं पगार नाही, हीच व्हिसा फी.

असाच एक भाचा आमच्या गल्लीत आहे. वितळलेल्या सोन्याचा रंग बघून त्यात तांबं किती हे तोंडी सांगतो, तपासणीचं यंत्र त्याच्यामागून येऊन तेच सांगतं. त्यानं पासपोर्ट काढला. दहावी नापास, म्हणून ईसीआर गटात पडला. म्हणजे आखातातल्या वगैरे ठरावीक देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची मंजुरी. सरकारचा हेतू चांगला आहे, कमी शिकलेला माणूस फसू नये. दहावी पास झालेला आपला आपण फसायला मोकळा.

तर वरच्या मजल्याकडं वळू. तिथला साहेब दिसतो तितका अडाणी नाही, जगाच्या बातम्या तो रोज वाचतो, फक्त सोयीनं वाचतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नव्या एच-वन-बी कामाच्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर लावले, त्याच आठवड्यात त्यानं बोर्ड लावला : 'अमेरिका ८८ लाख, आमच्याकडे फक्त ६'. मात्र ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर घेणं बंद केलं आणि कुशल कामगार व्हिसाची किमान पगाराची अट वर्षाला ४१ हजार ७०० पौंडांवर नेली, ही बातमी वडूजला अजून पोचलेली नाही. इथं केअर वर्करची स्पॉन्सरशिप चालूच आहे, वर दिवाळी ऑफर. ब्रिटन सरकार परवानाधारक कंपन्यांची यादी जाहीर करतं, कुणालाही बघता येते. फुकट. म्हणजे झालंच.

रशियाला हेल्पर म्हणून नेलेली आपली पोरं युद्धाच्या आघाडीवर निघाली, मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं त्यावर गुन्हा नोंदवला. याच्यावर विनोद सुचत नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तो वेगळा एजंट."

इकडं तात्यांनी अर्धा एकर गहाण टाकून दोन लाख भरले आणि लगेच घरात फरक पडला. पोराच्या बायोडाटात 'शेती व वायरिंग' होतं ते खोडून 'जर्मनी (प्रोसेसमध्ये)' असं टाकलं. तीन वर्षं दारात न फिरकलेले पाहुणे दोन रविवारांत चारदा पोहे खाऊन गेले. एका मुलीच्या बापानं तर 'प्रोसेस किती टक्के झाली' असंही विचारलं. तात्या म्हणाले, सत्तर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सहा लाख महाग नाहीत. विमान उडो न उडो, पोराचं जमून जाईल.

वायरिंगची कामं मात्र त्यानं सोडली. व्हिसा येईल त्या दिवशी निघायचं, म्हणून नवीन काम धरत नाही. आमच्या मोटारीचा स्टार्टर गणपतीपासून बिघडलाय आणि तो दुरुस्त करणारा माणूस जर्मनीला निघालाय. प्लंबर पोलंडला निघालाय. फरशीवाला राजस्थानातून आलाय, त्याला कुठंच जायचं नाही, म्हणून त्याच्याकडं आठ महिन्यांचं काम साचलंय.

परवा नकार आला. ऑफर लेटर ज्या कंपनीचं होतं, ती कंपनी होती पण बेकरी होती. साहेब डगमगले नाहीत. म्हणाले, जर्मनी सध्या टाईट आहे, फाईल पोलंडला टाकू. फक्त पन्नास हजार डिफरन्स. मी जरा चौकशी केली. तात्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाची फाईल कॅनडाहून निघाली होती, मग लंडन, मग जर्मनी, मग पोलंड, मग रोमानिया, आणि आता जॉर्जियात आहे. प्रत्येक नकाराला फाईल थोडी पूर्वेला सरकते. मी तात्यांना धीर दिला. म्हटलं, पैसे बुडाले असं धरू नका. याच वेगानं सरकत राहिली तर आणखी सात-आठ नकारांत तुमची फाईल कोलकात्याला लागेल, आणि तिथं तुमच्या मेव्हण्याचं गलाईचं दुकान आहेच.